उगाळायची की जपायची? चिनी पंडितांच्या शाईच्या वड्या

मसीपात्र

अकराव्या शतकातला चिनी कवी सू शी यानं एक छोटी नोंद करून ठेवली आहे. शी छांगयान नावाच्या एका गृहस्थाकडे ली थिंगग्वेई या नामांकित शाईकारानं बनवलेली शाई होती आणि ती तो कुणालाही उगाळू देत नसे. कुणीतरी त्याला चिडवलं, की तू शाईला झिजवत नाहीस ना, मग शाईच तुला झिजवेल. पुढे सू शी लिहितो, की आता छांगयानच्या थडग्यावरची झाडं चांगली मोठी झाली आहेत आणि शाई मात्र होती तशीच आहे.

ही शाई बाटलीतली नव्हे. काजळी आणि सरस एकत्र मळून, साच्यात दाबून, महिनोन्महिने वाळवलेली घट्ट वडी. लिहायला बसलं की खास दगडावर थोडं पाणी घ्यायचं आणि सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती सावकाश उगाळायची. हवी तेवढीच शाई होते, वडी किंचित झिजते. कुंचला, शाई, कागद आणि शाईचा दगड ही चीनमध्ये अभ्यासिकेची चार रत्नं मानली जातात. दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कागदावरचं लिखाण टिकतं. वडी मात्र वापरली की संपते. तरीही शतकानुशतकं लोक तिच्यावर चित्रं उठवत आले, कविता घालत आले, सोनं भरत आले, रेशमी अस्तराच्या पेट्यांत ती ठेवत आले. वापरून संपवायच्या वस्तूवर एवढा जीव का लावला असेल, हे समजून घ्यायचा माझा बऱ्याच दिवसांचा खटाटोप इथे मांडतोय. नोकरीमुळे शांघायला राहतो, सवड मिळाली की आन्ह्वेई प्रांतातल्या हुइचौच्या बाजूला जातो. जुन्या शाईकारांचा मुलूख तोच.

सहाव्या शतकात ‘ज्या स्श्ये’ नावाच्या लेखकानं शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यात शाईची कृती आहे. काजळी बारीक रेशमी वस्त्रातून गाळायची. तिच्यात उत्तम सरस, एका झाडाच्या सालीचं पाणी, अंड्याचा पांढरा बलक, हिंगूळ आणि कस्तुरी. मग सगळं लोखंडी उखळीत ३०,००० वेळा कुटायचं. कामाचा हंगामही दिलाय. दुसरा महिना उलटला की थांबायचं आणि नववा लागेपर्यंत हात लावायचा नाही, कारण उकाड्यात सरस कुजतो. वडी दोन-तीन लियांगपेक्षा (लियांग हे चिनी वजन) मोठी नको, लहान असली तरी चालेल पण मोठी नको, अशी ताकीदही आहे. मोठी वडी आतून नीट वाळत नाही आणि तडकते. हे वाचलं की कळतं, शाई हे मुळात हवामानाशी झगडण्याचं काम आहे.

ली थिंगग्वेईचं घराणं उत्तरेतलं, मूळ आडनाव शी. तांग राजवटीच्या अखेरीच्या धामधुमीत ही मंडळी दक्षिणेला शेचौमध्ये आली, कारण तिथल्या डोंगरांत पाइन मुबलक होते. दक्षिण तांगच्या दरबारानं त्यांना ली हे राजघराण्याचं आडनाव बहाल केलं. शाई करणाऱ्याला राजाचं आडनाव! सोंग काळापर्यंत लोक म्हणू लागले, की सोनं मिळेल पण लीची शाई मिळणार नाही. ११२१ साली शेचौचं नाव हुइचौ झालं आणि तेव्हापासून ‘हुइचौची शाई’ हा शिक्का आजतागायत चालतोय.

सू शी स्वतः शाईपायी वेडा होता. आपल्याकडे ७० उत्तम वड्या असूनही आणखी मागणं थांबत नाही, हा मूर्खपणाच नाही का, असं तो प्रांजळपणे लिहितो. चांगली शाई कशी ओळखावी, याबद्दल त्याचं म्हणणं मला सर्वांत पटतं. नुसता काळेपणा पुरेसा नाही, तिच्यात तेज हवं, आणि ते वरवर तरंगणारं नको, लहान मुलाच्या बुबुळासारखं नितळ हवं. हाइनान बेटावर हद्दपारीत असताना त्यानं फान हंग नावाच्या कारागिराला घेऊन घरीच भट्टी लावली. १०९९ चं चांद्रवर्ष सरता सरता त्या भट्टीची आग भडकली आणि घर जळता जळता वाचलं. शाई करणं तिथेच थांबलं. पण तोवर लहानमोठ्या मिळून ५०० गोळ्या झाल्या होत्या आणि जन्मभर लिहायला तेवढ्या पुरतील, याचं त्याला समाधान होतं.

इथवर वडी साधीच होती. फार तर करणाऱ्याचं नाव, एखादा ड्रॅगन. मिंग काळात, विशेषतः सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सगळं पार बदललं. हुइचौचे व्यापारी मिठाच्या धंद्यात गबर झाले होते, ग्रंथ छापत होते, चित्रं जमवत होते. वडी कधी गोल, कधी चौकोनी, कधी राजदंडाच्या किंवा जुन्या जेडच्या आकाराची होऊ लागली. दर्शनी बाजूला चित्र, मागे शीर्षक किंवा कविता, कडेवर वर्ष आणि करणाऱ्याचं नाव. त्यामुळे वडी हातात घेऊन अक्षरशः वाचता येते. विषय पुराणातले, ज्योतिषातले, अभिजात ग्रंथांतले. ज्याला संदर्भ कळेल त्यालाच वडी कळेल. भेट म्हणून ती देणारा आणि घेणारा, दोघांची विद्वत्ता त्यात पणाला लागे.

माझं स्पष्ट मत असं, की वडी आधी शाई म्हणून खरी हवी. वरचं कोरीव काम हे त्या खरेपणाला दिलेलं मानपत्र आहे. हे नातं जोवर शाबूत होतं तोवर ही कला थोर होती. अठराव्या शतकातल्या छिएनलोंग बादशहाच्या काळातले पेटीबंद संच मला म्हणूनच थोडे दुरून आवडतात. पाच रंगांच्या वड्या, बागांची दृश्यं, शेती आणि विणकामाची चित्रं, सगळं देखणं. पण पाण्याला कधीच न लागण्यासाठी केलेली शाई बघताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

साचे, कारखाना आणि मिंग काळातल्या चेंग आणि फांग या दोन शाईकारांचं गाजलेलं वैर यावर प्रतिसादांत लिहीन.

निळावंती

वा, फार सुंदर. बुबुळाची उपमा वाचून थांबले. वाचनखूण साठवली आहे, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. साच्यात दाबून इतकी बारीक रेघ उमटते कशी? वाळताना वडी आक्रसत असणार, मग चित्र वेडंवाकडं होत नाही का?

मसीपात्र

@निळावंती, अगदी नेमकं विचारलंत. आक्रसते तर. म्हणून साचा कोरणाऱ्याला सुरुवातीपासून तो हिशेब धरावा लागतो. साचे लाकडाचे, बहुधा पेअरच्या जातीच्या झाडाचे, कारण त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो. साचा अखंड नसतो. वरची फळी, खालची फळी, चार बाजू आणि हे सगळं आवळून धरणारी चौकट असे सुटे भाग असतात. अक्षरं अर्थातच उलटी कोरायची. चिनी अक्षराच्या दहा-पंधरा रेघा नखाएवढ्या जागेत, उलट्या, आणि तरी लिहिणाऱ्याच्या हाताचा झोक त्यात दिसला पाहिजे.

हुइचौ भागातल्या तुनशीच्या कारखान्यात हे काम पाहता येतं. मळलेला गोळा गरम असतानाच हाताळावा लागतो, गार झाला की हट्टी होतो. कारागीर तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोड्यानं ठोकत राहतो, घडी घालतो, परत ठोकतो. मग तोडून तराजूत टाकतो, चिमूटभर काढतो किंवा लावतो. तळहातांत वळून त्याची गुळगुळीत सुरळी करतो, कारण तिच्यावर एक सुरकुती राहिली तरी ती वडीवर चीर म्हणून उमटते. सुरळी साच्यात, साचा दाबाखाली. बाहेर येते ती वडी चामड्यासारखी लवचिक असते. खोलीभर फळ्यांवर वड्या मांडलेल्या, रोज उलटायच्या. वारं लागू द्यायचं नाही, ऊन तर मुळीच नाही. एका लियांगची, म्हणजे तीसेक ग्रॅमची वडी वाळायला काही महिने जातात. अर्धवट वाळली की कडा तासून साफ करतात. शेवटी बारीक कुंचल्यानं अक्षरांत सोनं आणि रंग भरतात. ती खोली सगळ्यांत शांत, आणि तिथे बहुतेक बायकाच बसलेल्या दिसल्या.

रसायनवाला

लेख आवडला. थोडी विज्ञानाची भर घालतो.

काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. प्रकाशानं तो फिका पडत नाही, आम्ल-अल्कली त्याला फारसं काही करत नाहीत. युरोपातली मायफळ आणि लोहक्षारांची शाई काळाच्या ओघात तपकिरी होते आणि कागद खाते. चिनी शाई हजार वर्षांनीही काळीच राहते. पण नुसती काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. सरसातली प्रथिनं प्रत्येक कणाला वेढून बसतात आणि कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. हजारो वेळा कुटण्याचं कारण तेच. कणांचे गठ्ठे फोडून प्रत्येकाला सरसाचं आवरण मिळालं पाहिजे.

काजळी दोन प्रकारची. पाइनचं राळयुक्त लाकूड जाळून मिळणारी जाडसर असते, तिचा काळा निळसर आणि मंद दिसतो. तुंग झाडाच्या बियांसारखं तेल दिव्यात जाळून, ज्योतीवर पालथी धरलेल्या भांड्याला जमते ती फार बारीक. तिच्या काळ्यात किंचित तपकिरी ऊब आणि चमक असते. पातळ करून पसरली की फरक लगेच दिसतो.

जुनी शाई चांगली, असं म्हणतात त्यालाही आधार आहे. काही वर्षांत सरसाच्या लांब साखळ्या तुटून तो थोडा सौम्य होतो, शाई मोकळी वाहते. पण फारच जुनी झाली की सरसाची पकड जाते. म्हणजे शतकानुशतकं जपलेली वडी शाई म्हणून कदाचित संपलेलीही असेल.

टाकदौत

मी मोडी शिकवतो आणि सुलेखनासाठी हुइचौची शाई वापरतो, म्हणून लिहावंसं वाटलं. आपल्या मोडी कागदपत्रांची शाईही काजळीचीच. फरक बांधणाऱ्या द्रव्यात. आपल्याकडे डिंक, त्यांच्याकडे प्राण्याच्या कातड्याचा किंवा शिंगाचा सरस. काजळीमुळेच पेशवे दफ्तरातली अक्षरं आजही काळीभोर दिसतात. आपली शाई दौतीत पातळ राहायची आणि बोरूनं लिहिली जायची. त्यांच्या लेखकाला एकाच चित्रात दहा छटा हव्यात, दाट हवी, पाण्यासारखी हवी. वडी असली की प्रत्येक वेळी हवी तशी करता येते.

उगाळताना जोर लावायचा नाही. वडी सरळ उभी धरायची आणि तिच्या वजनानंच फिरू द्यायची. चांगली वडी आवाज करत नाही. खरखर ऐकू आली तर काजळी भरड आहे किंवा वाळू राहिली आहे. दाट होत आली की वडीमागे पाण्यात तिची वाट क्षणभर उघडी राहते आणि मग हळूच मिटते. तिथे थांबायचं. कापूर आणि कस्तुरीचा वास येतो तो वेगळाच. मला तर लिहिण्याआधीची ही दहा मिनिटं लिहिण्याइतकीच प्रिय आहेत. म्हणून @मसीपात्र यांच्याशी शंभर टक्के सहमत. न उगाळलेली वडी म्हणजे न वाजवलेली सतार.

सडेतोड

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला एक गोष्ट खटकते. आपण सगळे पंडितांच्या रसिकतेबद्दल बोलतोय. ३०,००० वेळा कुटलं कुणी? दिव्यांच्या धुरात रात्रंदिवस बसलं कुणी? वडीच्या कडेवर नाव कुणाचं? आणि ज्या झाडांची काजळी केली त्या डोंगरांचं काय झालं?

मसीपात्र

@सडेतोड, हा प्रश्न यायलाच हवा होता.

झाडांचं आधी. हे शेन क्वो या विद्वान अधिकाऱ्यानं अकराव्या शतकातच लिहून ठेवलंय. तो वायव्य सरहद्दीवर, आजच्या शान्शी प्रांताच्या उत्तरेकडे नेमणुकीवर होता. तिथे जमिनीतून पाझरणारं तेल लोक जाळत आणि त्याचा धूर तंबू काळे करी. त्यानं ती काजळी गोळा करून शाई केली. ती लाखेच्या रोगणासारखी चकाकली आणि पाइनची शाई तिच्यापुढे फिकी पडली. मग त्यानं बऱ्याच वड्या करून त्यांच्यावर ‘यानछ्वानचा खडकरस’ असा शिक्का उठवला. त्याच नोंदीत तो म्हणतो, की पूर्वेकडचे पाइन संपले, आता थायहांग आणि दक्षिणेकडचे डोंगरही अर्धेअधिक बोडके झालेत, आणि जमिनीतलं तेल मात्र अमाप आहे. शाईपायी जंगल संपतंय हे त्या काळात नोंदवणारा माणूस होता. पुढे दिव्याच्या काजळीकडे कल वाढला त्यामागे हेही एक कारण आहे.

कष्टकऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. कुटणाऱ्यांची नावं वडीवर नसतात. साचे आणि ठसे कोरणाऱ्यांना थोडा मान मिळाला. हुइचौमधल्या शेशियानजवळच्या छ्यूछुन गावातल्या हुआंग घराण्यातले कोरक्ये कधीकधी चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव घालत. आणि सगळी शाई पंडितांसाठीच नव्हती. हुइचौचेच तीन प्रवाह मानतात. शेशियानची शाई घरंदाज आणि विद्वानांना रुचणारी, श्यूनिंगची नटवी, संचांसाठी प्रसिद्ध, आणि वूयुआनची साधी. शाळकरी पोरांपासून दुकानदारांच्या वह्यांपर्यंत रोजचं काम ही तिसरी भागवायची. तिच्यावर संग्राहकांनी फारसं लिहिलं नाही, कारण ती उगाळून संपली. म्हणजे खऱ्या अर्थानं कारणी लागली ती तीच.

कथेकरी

चेंग-फांगच्या वैराची वाट बघतोय. येऊ द्या.

मसीपात्र

@कथेकरी, घ्या.

चेंग जुनफांग हा शेशियानचा, जन्म १५४१. पैसेवाल्या घरचा, अधिकारी व्हायची हौस, पण नाव झालं शाईत. फांग यूलू हा कवी. तो चेंगकडे कामाला होता आणि तिथेच त्यानं शाईची विद्या आत्मसात केली. मग वेगळा होऊन त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. वांग दाओखुनसारखा मोठा साहित्यिक आणि माजी अधिकारी त्याच्या पाठीशी उभा राहिला. १५८८ च्या सुमारास फांगनं आपल्या वड्यांच्या नक्षींचा ग्रंथ काढला. त्यात ३८५ च्या आसपास नक्षी आहेत, सहा विभागांत लावलेल्या, आणि सोबत नामवंतांची स्तुतिपर लिखाणं. वडी विकायची, पण ग्रंथ असा की तो स्वतःच संग्रहात ठेवावा. आजच्या भाषेत हा मालाचा कॅटलॉग, पण इतका देखणा कॅटलॉग जगात फार थोड्या दुकानदारांनी काढला असेल.

चेंगला हे सहन होण्यासारखं नव्हतं. मध्यंतरी एका मनुष्यवधाच्या आरोपावरून तो तुरुंगात गेला होता आणि त्यामागे फांगच आहे अशी त्याची खात्री होती. बाहेर आल्यावर त्यानं उत्तर म्हणून आपला ग्रंथ रचला. १६०५-०६ च्या सुमाराचा हा ग्रंथ फांगच्यापेक्षा मोठा, नक्षी सुमारे ५००. आकाश, भूगोल, मनुष्य, वस्तुजात, कन्फ्यूशियसचे ग्रंथ, बौद्ध-ताओ विषय, असं सगळं विश्वच त्यानं शाईच्या वडीवर मांडलं. काही प्रतींत पन्नासेक चित्रं रंगीत आहेत. एकाच ठशावर जागोजाग वेगवेगळे रंग लावून ती छापली. चिनी रंगीत छपाईच्या इतिहासात या ग्रंथाला म्हणूनच मोठं स्थान आहे. आणि फांगला चिमटा म्हणून काही प्रतींत चोंगशानच्या लांडग्याची गोष्ट घातली. एक भला विद्वान शिकाऱ्यांपासून लांडग्याला वाचवतो आणि धोका टळल्यावर लांडगा त्यालाच खायला उठतो. लांडगा कोण, हे वाचकांना सांगावं लागलं नाही.

गंमत म्हणजे दोघांसाठी चित्रं काढणारा मुख्य चित्रकार एकच, दिंग युनफंग. शिवाय कित्येक नक्षी दोन्ही ग्रंथांत सापडतात.

दोंग छीछांग हा त्या काळचा सर्वांत वजनदार सुलेखनकार आणि चित्रपारखी. चेंगबद्दल त्यानं लिहिलं, की शंभर वर्षांनी जुनफांग नसेल पण त्याची शाई असेल, हजार वर्षांनी ती शाईही नसेल पण जुनफांगचं नाव असेल. शाई एक दिवस संपणारच हे यात गृहीत आहे आणि त्याचं दुःख नाही. माझ्या मते या कलेबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं नाही.

वसईकर

चेंगच्या या ग्रंथात ख्रिस्ती चित्रं आहेत ना? मातेओ रिच्ची या इटालियन जेसुइट धर्मप्रचारकावर वाचताना हा उल्लेख आला होता. रिच्चीचा आपल्याकडचा संबंध सांगतो. चीनला जाण्याआधी तो १५७८ च्या सप्टेंबरात गोव्याला उतरला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि शिकवलंही. मध्ये कोचीनला गेला, १५८० मध्ये तिथेच त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १५८२ मध्ये गोव्याहून मकावला रवाना झाला. त्या चित्रांबद्दल सविस्तर सांगाल का?

मसीपात्र

@वसईकर, गोव्याच्या तपशिलाबद्दल मनापासून धन्यवाद. यामुळे धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत आला.

हो, चार चित्रं आहेत. चेंग बीजिंगमध्ये रिच्चीला भेटला आणि १६०६ च्या सुरुवातीला रिच्चीनं त्याला युरोपीय छापील चित्रं आणि सोबत चिनीत लिहिलेले मजकूर दिले. पाण्यावरून चालणारा आणि बुडू लागलेला पीटर, एमाउसच्या वाटेवरचे दोन शिष्य, सदोम नगरीचा नाश आणि चौथं बाळ येशूसह मरिया. पीटरच्या चित्राचं शीर्षक फार सुरेख आहे: विश्वास ठेवला तोवर समुद्रावर चालला, शंका घेतली आणि बुडू लागला. मजकुरात प्रत्येक चिनी अक्षराशेजारी त्याचा उच्चार रोमन लिपीत दिला आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत मांडण्याच्या अगदी सुरुवातीच्या छापील नमुन्यांपैकी हा एक, आणि तो टिकला कुठे, तर शाईवाल्याच्या कॅटलॉगमध्ये.

चेंगनं ही चित्रं ग्रंथाच्या शेवटच्या, बौद्ध-ताओ विषयांच्या विभागात घातली. दूरदेशच्या साधूंचं म्हणून जे असेल त्याची जागा ती. तो ख्रिस्ती झाला नव्हता. फांगकडे जे असणं शक्यच नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे, याचा त्याला आनंद झाला असणार. तांब्याच्या पत्र्यावरच्या युरोपीय रेघा-रेघांच्या छायेचं हुआंगांच्या लाकडी ठशावर काय झालं, हे बघण्यासारखं आहे. छाया गेली आणि तिथे वळणदार, वाहती चिनी रेघ आली.

रसायनवाला

@मसीपात्र, छिएनलोंगच्या संचांबद्दल तुम्ही जे म्हणालात त्याच्याशी असहमत. रंगीत वड्या फक्त शोभेच्या नसत. हिंगूळाची लाल वडी दुरुस्त्या आणि टीपा लिहायला वापरत, बादशहा अर्जांवर शेरे लालनंच मारत. शिवाय त्या संचांमुळेच जुन्या बागांची, प्रसंगांची दृश्यं आपल्यापर्यंत आली. जपण्यासाठी केलेली वस्तू कमी दर्जाची, हे तत्त्व लावलं तर निम्मी संग्रहालयं रिकामी करावी लागतील.

मसीपात्र

लाल शाईचं मान्य, ती रोजच्या वापरातली होती. संचांच्या बाबतीत मात्र माझं मत तेच राहील. तुलनेला छिंग काळातलीच दोन उदाहरणं देतो. छाओ सूकोंग (१६१५–१६८९) याची ‘जांभळ्या जेडचं तेज’ या नावाची शाई. हे नाव खांगशी बादशहानं दिलं असं सांगतात. तिच्या संचात ३६ वड्या, प्रत्येकीवर हुआंगशान पर्वताचं एक शिखर. चित्र बारीक, पण शाई अव्वल, आणि लोक ती खरोखर उगाळत. दुसरं, यांगचौचा चित्रकार जिन नोंग (१६८७–१७६३). त्याचं जाडजूड, रोगणानं लिहिल्यासारखं अक्षर प्रसिद्ध आहे. त्याला दाट काळी शाई लागे, म्हणून त्यानं स्वतःची वडी करवून घेतली आणि तिच्यावर चारच अक्षरं घातली: ‘पाचशे जिन तेल’. इथे जिन म्हणजे वजनाचं माप, चित्रकाराचं नाव नव्हे; एवढं तेल जाळून ही काजळी जमवली, हा अर्थ. ना ड्रॅगन, ना शिखर. माझ्या लेखी ती सर्वांत सुंदर वड्यांपैकी एक आहे.

निळावंती

या वड्या बघायच्या कुठे? आणि आता कुणी करतं का?

मसीपात्र

बीजिंगचं राजवाडा संग्रहालय, शांघाय संग्रहालय, हफेईमधलं आन्ह्वेई संग्रहालय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही आहेत, पण अशा वस्तू आलटून पालटून मांडतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करा.

करणारे आहेत. छिंग काळातल्या चार मोठ्या नावांत सर्वांत शेवटचा हू काइवेन. त्याचं खरं नाव हू थियानचू (१७४२–१८०८), जिशी गावचा. श्यूनिंगमधल्या ज्या दुकानात तो राबला, त्याच घरचा जावई झाला आणि १७६५ मध्ये नव्या नावानं दुकान सुरू केलं. पुढे श्यूनिंगच्या हू काइवेननं पृथ्वीचा नकाशा उठवलेली गोल वडी काढली आणि तिला १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. छाओ सूकोंगचं दुकान ताइपिंग या चीनमधल्या गृहयुद्धाच्या धामधुमीत हुइचौ सोडून १८६४ मध्ये शांघायला आलं, ते नाव अजून चालू आहे. हुइचौची शाई २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आली.

टाकदौत

नव्यानं घेणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सोनेरी वेष्टणातली, भपकेबाज चित्राची स्वस्त वडी टाळा. तिच्यात बहुधा कारखान्यातला कार्बन आणि कृत्रिम वास असतो. लहानशी, साधी, दिव्याच्या काजळीची वडी घ्या. उगाळून झाली की तिचं ओलं टोक लगेच मऊ कागदानं टिपा, ओली तशीच दगडावर उभी ठेवली तर चिकटून बसते आणि ओढताना दगडाचा टवका निघतो. जुने लोक वड्या बिबट्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवत, दमटपणा लागू नये म्हणून. आपल्याकडे पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा पुरतो, पण मे महिन्यात पंख्याखाली उघडी ठेवू नका, तडकते. आणि दगड त्याच दिवशी धुवा. रात्रभर राहिलेल्या शाईतला सरस आंबतो, दुसऱ्या दिवशी त्याच शाईनं लिहिलं तर रेघ मरते.

निळावंती

धन्यवाद, मागवते एक. उगाळण्यासाठीच.